खुंटीवरच्या खुर्च्या

दारं दोन. जिने दोन.
एकाने बहिणी चढत, दुसऱ्याने भाऊ,
मधे दालन इतकं ऐसपैस
की रविवारी सगळे थरथरत नाचले
तरी बाहीला बाही लागू नये.
थरथरतात म्हणून गावाने त्यांना ‘शेकर’ म्हटलं, चिडवायला.
त्यांनी ते नाव ठेवून घेतलं,
कुणी टाकलेली फळी उचलून आणावी
आणि रंधा मारून बघावं, तसं.

मेन राज्यातलं आल्डर ब्रूक. इथे लग्न नव्हतं.
एलिफलेट आला तेव्हा सात वर्षांचा,
आई तापाने गेलेली, बाप बोटीवरून न परतलेला.
त्याला बसायला दिली एक नंबरची खुर्ची.
एक म्हणजे लहान, उत्तम नव्हे;
उत्तम तर सगळ्याच असायच्या.

पुढे तो कातारी झाला.
मेपलचा भुसा त्याच्या भुवयांत कायमचा राहायला आला.
नक्षी करायची नाही, हा नियम.
एकदा खणाच्या तळाला, कुणाला दिसणार नाही असं,
त्याने एक पान कोरलं.
थोरल्या भावाने खण उलटा करून पाहिला,
काही न बोलता रंधा पुढे केला.

संध्याकाळी खुर्च्या भिंतीवरच्या खुंट्यांना उलट्या टांगत.
खाली झाडू मोकळा फिरे,
आणि धूळ बसलीच तर बसो पाठीमागे,
माणूस टेकतो तिथे नको.

मागच्या पायांना मात्र एलिफलेटने
खोबणीत फिरणाऱ्या लाकडी गोट्या बसवल्या.
कुणी मागे रेललं तरी
जमिनीला वण पडणार नाही.
रेलण्याबद्दल नियमात काही नव्हतं.
पाठीच्या दोन्ही खांबांवर, उचलताना हात जातो तिथे,
ज्योतीच्या आकाराची दोन बोंडं.
त्या घरात वंशाचा दिवा म्हणावा असं
तेवढंच होतं.

पाळणा हलला, नाही असं नाही.
सहा फुटी होता, म्हाताऱ्यांसाठी,
ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही त्यांच्यासाठी.
तो केला एलिफलेटने, आणि शेवटी निजलाही त्यातच.
सिस्टर जेरुशा शेजारी बसून खुर्चीची पट्टी विणायची,
निळी वर, पांढरी खाली.
बहिणीने भावाला हात लावायचा नाही.
बुटाच्या टोकाने पाळणा ढकलण्याबद्दल
नियमात काही नव्हतं.

मग माणसं सरली.
खुर्च्या लिलावात गेल्या, चार डॉलरला सहा.
त्यातली एक, कशी कोण जाणे,
कोपनहेगनच्या एका शाळेच्या माळ्यावर.
एस्बर्न नावाच्या विद्यार्थ्याने
हिवाळाभर पट्टी लावून तिची मापं घेतली.
इतकी कमी लाकडं,
आणि एकही कमी नाही, असं वहीत लिहिलं.
मग स्वतःची खुर्ची केली: पाठ थोडी कललेली,
बैठक कागदी दोरीची,
बोंडं छाटलेली. गोट्याही त्याने काढल्या;
त्या कशासाठी, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं.

त्या खुर्चीची आणखी एक खुर्ची झाली,
तिची तिसरी, स्क्रूवाली,
तिची चौथी, चपट्या खोक्यात मावणारी.

लोवेलमधे तिसऱ्या मजल्यावर
सोथेआरीने ते खोकं फोडलं आहे.
षटकोनी किल्ली, चित्रांचा कागद, एक स्क्रू जास्तीचा.
खुर्ची उभी राहते. सोफ्याच्या दुकानात
तिला ‘साधी’ म्हणाले होते, आणि किंमत तशी साधी नव्हती.
मुलगा बसतो आणि लगेच मागे रेलतो.
‘डारा, पाय खाली! जमीन घरमालकाची आहे!’
तो खाली येतो. पुन्हा रेलतो.
फरशीच्या लाकडावर दोन नवे वण.

रात्री भांडी आवरून
ती पलंगाखालून दोन जुने टेनिसचे चेंडू काढते,
भाजीच्या सुरीने चिरा पाडते,
आणि मागच्या दोन पायांना चढवते, घट्ट.
मग स्वतः बसते.
इकडे तिकडे बघून,
रेलते.